वसंताचे पिवळे बाण

वसंता, तू डोंगरात गेला नाहीस. तू हातखंब्याला गेलास. रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत, टपरीच्या बाकावर, हातात अर्धा प्यालेला चहा. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून निघाला होतास. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण तुझ्या चालणाऱ्या मंडळींनी तुला सह्याद्रीत विलीन करायला घेतलं आहे. तेराव्याला आलेल्या एका गृहस्थाने माईक नसताना माईक असल्यासारखं भाषण केलं. "सर निसर्गातून आले आणि निसर्गात गेले." मी मागे पत्रावळी लावत होते. मनात म्हटलं, ह्या माणसाने हातखंब्याची धूळ खाल्लेली दिसत नाही.

आता त्यांना तुझ्या आठवणींची पुस्तिका काढायची आहे आणि त्यात बहिणीचे चार शब्द हवेत. सावर्ड्याची शुभांगी, तुझ्या मंडळातली ती शाळामास्तरीण, कागद घेऊन आली.

"बाय, तुम्ही बोला, मी लिहून घेते," म्हणाली. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठी म्हणून तू मला बाय म्हणायचास. तुझ्यामुळे आता अर्धं पुणे म्हणतं.

मी म्हटलं, "मी चौथी पास आहे, पण मला लिहिता येतं. लोकांना ते सोसेल का, तेवढं तू बघ."

चांगलं काय ते आधी उरकते. तू दारू प्यायला नाहीस. बायकोच्या आजारपणात तिची लुगडी स्वतः धुतलीस. कुणी दारात आलं तर चहा दिल्याशिवाय सोडलं नाहीस. झालं.

बेचाळीस वर्षं तू मुंबईत एका कंपनीच्या गोदामात काढलीस. बायको गेली तसा चार महिने मुलीकडे बडोद्याला राहिलास. तिथे डोंगर नाहीत म्हणालास आणि गावी आलास. डोंबिवलीत तरी कुठले डोंगर होते तुझ्या खिडकीत? आल्या आल्या बूट घेतलेस. एकेक बूट किलोभराचा. म्हैस चिखलातून पाय काढते तसा पाय उचलायचास. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी. ज्या गावात जन्मलास त्या गावाला गाव दाखवायला लागलास.

शहरातली माणसं यायची आणि तू त्यांना चालवायचास. चार वाटा केल्या होत्यास. पहिली सपाट, मळ्याच्या बांधावरून नदीकाठाने साकवाच्या पुलापर्यंत. गावातली साखरेच्या आजाराची माणसं आता ती रोज चालतात. तुझी ही एकच वाट मला पटली, आणि ती आधीपासून होतीच. दुसरी सड्यावरची, गणपतीच्या सुमाराला कातळावर फुलं येतात ती बघायला. लोक गुडघ्यांवर बसून एकेका फुलाचे वीस-वीस फोटो काढायचे. आमची गुरं ती फुलं चरायची, त्यांनी सुद्धा इतकं निरखून बघितलं नसेल. तिसरी देवरहाटीतून, म्हणजे देवाच्या राखलेल्या रानातून, चपला हातात घेऊन. तिथे तू त्यांची तोंडं बंद ठेवायचास. ते बरोबर होतं, नाकारत नाही. आणि चौथी उगमाची. नदी जिथे सुरू होते तो डोंगर माझ्या सासरच्या वाडीच्या डोक्यावर, म्हणून ती सगळी वरात माझ्या खळ्यातून जायची.

मला ते चालणंच कळलं नाही. मी पन्नास वर्षं तो डोंगर चढले-उतरले, पण रिकाम्या हाताने एकदाही नाही. जाताना कोयता, येताना गवताचा भारा. डोक्यावर भारा असला की माणूस पाय बघून टाकतो. तुझी माणसं आभाळ बघत चालायची, पडायची, आणि मग एकमेकांच्या घोट्यांवर फवारे मारायची. पाठीवरच्या पिशवीत काय म्हणून विचारलं एकीला, तर सुका मेवा, छत्री, जादा मोजे आणि उशी. फुगवायची उशी. मी विचारलं, "झोपायला चाललीस की चालायला?" ती म्हणाली, "आजी, असू दे, कंफर्ट वाटतो." मी म्हटलं, "आजी म्हणू नको, माझ्याकडे उशी नाही."

तू ह्या लोकांना माझ्या खळ्यात बसवून शिकवायचास. एकदा काठीने मातीत डोंगर काढलास.

"हा बघा डोंगराचा कणा. ह्या अंगाला पडलेला प्रत्येक थेंब आपल्या नदीला येतो. त्या अंगाला पडलेला घाटावर जातो. हा आपल्याकडचा जो सगळा उतार, त्याला म्हणायचं नदीचा पाणलोट."

मी कोकमाचे पेले ठेवत होते. म्हटलं, "म्हणजे माझ्या मोरीचं पाणी पण त्यातच."

"त्यातच गो बाय."

"मग नीट सांग त्यांना. नदी सुरू होते ती माझ्या खरकट्या भांड्यांपासून."

सगळे हसले, तूही हसलास. पण दुसऱ्या दिवशी भांडी घासताना माझा हात थांबला. माझं लग्न झालं तेव्हा आई रडत म्हणाली होती, पोर लांब गेली. आपलं घर खाली मळ्यालगत, माझं सासर वर डोंगराच्या पायथ्याला, मधे तासाभराची चाल. लांब कसलं? मी वर भांडी विसळायची, ते पाणी शेजारच्या ओढ्यात, म्हणजे पऱ्यात जायचं, पऱ्या नदीला मिळायचा आणि नदी आईच्या पाणवठ्यावरून जायची. आई मरेपर्यंत माझ्याकडून आलेलं पाणी भरत होती, आणि आम्हा दोघींनाही ते माहीत नव्हतं. हे मला तुझ्या काठीच्या रेघोट्यांवरून कळलं. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढच्या रविवारी तू ते माझ्या नावावर ऐकवलं असतंस आणि त्याच्या पुढच्या रविवारी स्वतःच्या.

कारण तुझी ती खोड होतीच. त्याच दिवशी, कोकम पिता पिता, एका बाईने तुला विचारलं, "सर, ह्या डोंगरातल्या वाटा तुम्हाला लहानपणापासून माहीत असतील ना?"

तू म्हणालास, "रोज चढायचो. दांडावरची घाटाची वाट म्हणजे माझं अंगण."

दांड म्हणजे डोंगराची खाली उतरत आलेली सोंड. तिच्या पाठीवरून बायकांची गवताची वाट आहे, ती पुढे खिंडीतून घाटावर जाते. त्या वाटेने तू आयुष्यात एकदा गेलास. तू चार वर्षांचा होतास, मी अकराची. तुझा ताप उतरत नव्हता. बाबा मुंबईत, आई बाळंतीण. घाटावरच्या गावात एक औषध देणारी म्हातारी होती. गवताला निघालेल्या बायकांबरोबर मला पाठवलं आणि तुला आईच्या जुन्या लुगड्याने माझ्या पाठीला बांधलं. चढताना तू दोनदा माझ्या पाठीवर मुतलास आणि एकदा खांद्याला चावलास. उतरताना झोपलास. हे तुझं रोजचं चढणं.

माझी शाळा त्याच्या आदल्या वर्षी चौथीला संपली होती. पाचवीचा वर्ग बाजाराच्या गावात होता आणि मुलीला रोज नदी ओलांडून कोण पाठवणार? तुझ्यासाठी मात्र मामा शोधला, मुंबई शोधली. मी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. तुला शाळा मिळाली, मला वाट मिळाली, असं मी मनाशी धरून चालले होते. आणि म्हातारपणी तू परत आलास आणि माझ्याच खळ्यात बसून, माझंच कोकम पिऊन, ती वाटही तुझी म्हणून सांगितलीस. पाहुण्यांसमोर मी फक्त पेले उचलले.

मग चैत्रात एके सकाळी तू एकटाच आलास. पायरीवर बसलास. मी तांदूळ पाखडत होते.

"बाय, येत्या हंगामात लोकांना उगमाच्या वर खिंडीपर्यंत न्यायचं म्हणतोय. एकदा चल माझ्याबरोबर. दांडावरची वाट दाखव."

"कशाला? रोज चढायचास ना?"

तू ओशाळलास. "बोलायच्या ओघात गेलं गो तोंडातनं."

"मग तसाच बोलत बोलत चढ. सापडेल."

"असं काय करतेस? तुझ्याशिवाय कोणाला माहीत हाय ती?"

"तुला हाय. अंगण तुझं हाय."

तू बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्यास. उगाच वेळ लावलास. एक नाडी सोडून परत बांधलीस. मी सूप खाली ठेवलं नाही. मग उठलास, टोपी घातलीस आणि गेलास. पुन्हा विचारलं नाहीस.

पंधरा दिवसांनी आलास तेव्हा तुझ्या नखांत पिवळा रंग होता, सदऱ्यावर पिवळे डाग, आणि तोंडावर शाळेत पहिला नंबर आल्यासारखं हसू.

"झाली वाट. चाळीसएक बाण काढलेत खिंडीपर्यंत. आता कोणाला विचारायला नको."

मी विचारलं, "पऱ्यातनं गेलास?"

"पऱ्यातनंच. सोपं हाय गो. पऱ्या धरला की चुकायला होत नाय. सरळ वर जायचं, मोठ्या धोंड्यापाशी उजवीकडे घळीत शिरायचं, घळीतनं माथ्यावर."

"पऱ्या ओलांडायचा असतो, धरायचा नसतो. वर पाऊस पडला तर खाली कळत नाय."

"पावसात कोण नेतंय? दिवाळीनंतर न्यायचं."

"आणि धोंडे?"

"धोंड्यांचं काय?"

"ते पावसानंतर आपल्या जागी असतील कशावरनं?"

"अगो, म्हशीएवढे धोंडे हायत ते. आणि ऑइलपेंट हाय. दहा वर्षं जायचा नाय."

"रंगाचं कोण विचारतंय तुला?"

तेव्हा तू चिडलास. तसा तू कमी चिडायचास. म्हणालास, "माझं एक तरी काम तू कधी बरं म्हटलंयस?"

मी म्हटलं, "पावसानंतर बघू."

बेचाळीस वर्षं गोदामात काढलेल्या माणसाची ही चूक आहे. गोदामात खूण करून ठेवलेली वस्तू दुसऱ्या वर्षी तिथेच सापडते. आमच्या वाडीत वाट कुणी रंगवत नसे. वाट बेणायची असते, म्हणजे वाढलेलं रान कोयत्याने तोडून मोकळी करायची. नवरात्र संपलं की घरटी एक बाई, कोयता आणि भाकरी घेऊन दांडावर. पावसाने जिथे कडा खाल्ला असेल तिथे वाट थोडी आत घ्यायची, झाड पडलं असेल तर वळसा द्यायचा. म्हणजे दर वर्षी ती वाट थोडी वेगळी असते आणि दर वर्षी ती पायांना नव्याने सांगावी लागते. हे तुला माहीत असायचं कारण नव्हतं. मला होतं. मी सांगितलं नाही. म्हटलं, पावसानंतर बघू.

आषाढात पऱ्या भरला. जोराचा लोंढा आला की आतले धोंडे एकमेकांवर आपटतात, ते भर दिवसाही घरात बसून ऐकू येतं. मी सुनंदाला, माझ्या सुनेला, म्हणायची, "ऐक, वसंताचे बाण निघाले." दोघी हसायचो. मला पावसाळा संपायची घाई झाली होती. तुला हाताला धरून वर न्यायचं, एकेक धोंडा दाखवायचा आणि काही न बोलता तुझ्या तोंडाकडे बघायचं, एवढं मी ठरवलं होतं. एवढ्या वर्षांत तुझ्याशी इतकं धड भांडण मला मिळालं नव्हतं. तू लहान असताना मुंबईला गेलास, सुट्टीत यायचास तो पाहुण्यासारखा. पाहुण्याशी काय भांडणार?

गणपती गेले आणि आठ दिवसांत तू हातखंब्याला बाकावर बसलास तो उठला नाहीस.

तेरावा झाल्यावर मी सुनंदाला घेऊन पऱ्यात उतरले. पाणी गुडघ्याखाली आलं होतं. तुझा रंग खरोखर गेला नव्हता, कबूल करते. बाण ताजे दिसत होते. फक्त धोंडे फिरले होते. एक बाण माझ्या घराकडे दाखवत होता. दोन उलटे होऊन पाण्यात तोंड घालून होते. एक सरळ आभाळाकडे. तेवढा एक तुझ्या उपयोगी पडला म्हणायचं. आम्ही तशाच वर गेलो. घळीपाशीचा तो मोठा धोंडा, म्हशीएवढा, ज्याच्या जिवावर तू उड्या मारत होतास, अर्धा फिरून बसला होता. त्याच्यावरचा बाण आता डावीकडे दाखवत होता. डावीकडे शेवाळलेल्या कातळाची कड आहे आणि तिच्याखाली कोंड, म्हणजे डोह, तीन पुरुष खोल. वरून ते पाणी दिसत नाही, झाडोरा दिसतो. नवख्या माणसाला वाटेल, वाट इथूनच आहे.

मी जिंकले होते, वसंता. त्या धोंड्यापाशी पाण्यात उभी राहून मी पूर्ण जिंकले होते. आणि समोर बघायला तुझं तोंड नव्हतं. मी तुला शिव्या दिल्या. मोठ्याने, आईवरून सोडून बाकी सगळ्या, कारण आई आपली एकच. सुनंदा पलीकडच्या काठावर उभी होती. पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आल्या नसाव्यात. आल्या असतील तर तिने तसं दाखवलं नाही. "आई, घरी चला, पाय गारठतील," एवढंच म्हणाली.

त्यानंतर चार दिवसांनी शुभांगी ते कागद घेऊन आली. पुस्तिकेचं बोलून झाल्यावर म्हणाली, "दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सरांच्या स्मरणार्थ पदयात्रा आहे. साठ जणांनी नावं दिलीत. साकवापासून खिंडीपर्यंत, सरांच्या बाणांवरून. सर पुढे चाललेत असंच वाटेल सगळ्यांना."

मी म्हटलं, "त्यातला एक बाण कोंडात नेतो. म्हणजे थेट सरांपाशीच पोचाल."

तिला ते आधी कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत बसली.

"हे पुस्तिकेत नको, बाय. लोक सरांना फार मानतात."

"मग काय लिहू? फार थोर माणूस होता, आणि त्याच्या मागून साठ माणसं पाण्यात गेली?"

"तसं नाही. आम्ही त्यांना तोंडी सांगू."

"तोंडी सांगितलेलं साठातल्या चाळिसांना ऐकू येतं. राहिलेले वीस फोटो काढत असतात. आणि पुढच्या वर्षी तुम्हाला न विचारता कोणी तिथे गेलं तर?"

ही पोर मूर्ख नाही. तुझ्या सगळ्या लोकांत हिच्याच पाठीवर पिशवी लहान असायची, ते मी पाहिलं होतं. म्हणाली, "लिहा. मी एक ओळ कापणार नाही. पण मग वाट कोणती? दांडावरची तुम्हीच दाखवू शकता. याल?"

हाच प्रश्न तू चैत्रात विचारला होतास. आता तुला का नाही म्हटलं ते लिहिते. हे शुभांगीला माहीत नाही, सुनंदाला माहीत नाही, आणि तुला तर नाहीच.

तुझ्या थापेचा राग होता, तो खरा. पण तो राग महिन्याभरात उतरला असता, तुझ्यावर मी जास्त दिवस कधी रागावले नाही. खरं कारण वेगळं होतं. वाडीत गॅस आला, गुरं विकली गेली, गवताचं काम उरलं नाही. मी दांडावर शेवटची गेले त्याला इतकी वर्षं झाली की सात वर्षांनी फुलणारी कारवी मधे एकदा फुलून वाळून पुन्हा उगवली आहे. इतक्या वर्षांत ती वाट कुणी बेणलेली नाही. वाडीत सगळे म्हणतात, बायला डोंगर पाठ आहे. तूही तुझ्या लोकांना तेच सांगायचास, मला समोर उभी करून. मला आता तो पाठ आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. तुला वर नेलं असतं आणि दांडावरच्या जुन्या ऐनाच्या झाडापुढे मला डावं की उजवं सुचलं नसतं तर? तुझ्यासमोर, ज्याला मी पाठीवर बांधून नेलं त्याच्यासमोर, मी रानात हरवलेल्या गाईसारखी उभी राहिले असते. ते मला नको होतं. म्हणून मी सूप खाली ठेवलं नाही.

तू म्हणालास, रोज चढायचो. मला सगळं पाठ आहे, असं मी कधी म्हटलं नाही, पण कुणी म्हटलं तर खोडलंही नाही. तुझी थाप बोलून होती, माझी गप्प बसून. आणि त्या दोन थापांच्या मधून तू एकटा, सदुसष्टाव्या वर्षी, रंगाचा डबा घेऊन पऱ्यातून वर गेलास, कारण ज्याला वाट माहीत नाही त्याला धरता येईल असं डोंगरात पाणी सोडून दुसरं काही नसतं. बाण तू काढलेस. पऱ्यात तुला मी घातलं.

तुझे लोक मला विचारतात, सरांची शेवटची आठवण कोणती? मला त्या बुटाच्या नाड्या दिसतात. सोडून परत बांधलेली ती एक. तू तेव्हा थांबला होतास, मला कळत होतं. तेव्हा एवढंच म्हणायचं होतं, की मलाही नक्की आठवत नाही, चल, दोघं बघू. तू हसला असतास. चिडवलं असतंस. चार लोकांत सांगितलंही असतंस, तुझ्या तोंडाला कुलूप नव्हतं. त्याने काय बिघडलं असतं?

शुभांगीला मी म्हटलं, "मला नक्की आठवत नाही."

माझ्या तोंडून ते असं निघालं की सुनंदाने गॅसपाशी मान वर केली.

शुभांगी म्हणाली, "मग शोधूया की."

इतकंच म्हणाली. पेन टोपणात घातलं आणि विचारलं, कोयते किती लागतील.

आम्ही पाच दिवस दांडावर गेलो. मी, सुनंदा, वाडीतल्या दोघी, शुभांगी आणि तिने आणलेल्या तिघी. त्या तिघींना कोयता धरता येत नव्हता. एकीने स्वतःच्याच बुटावर मारला, आणि तेव्हा मला त्या बुटांचा उपयोग पहिल्यांदा कळला. ऐनापर्यंत मी नीट नेलं. ऐनापुढे चुकले. कारवीतून तासभर सगळ्यांना फिरवलं, घामाने आणि खाजेने हैराण केलं, आणि एका कड्याच्या तोंडाशी आणून उभं केलं. मागून एकीने विचारलं, "बाय, हीच का?"

मी म्हटलं, "नाही. चुकले."

कुणी हसलं नाही. सुनंदाने तिथेच भाकऱ्या सोडल्या. खाऊन झाल्यावर पुन्हा ऐनाशी आलो आणि दुसऱ्या बाजूने तोडायला घेतलं. चौथ्या दिवशी वाडीतल्या एकीचा कोयता दगडावर खणकला. भारा टेकवायचा तो दगड, छातीएवढा उंच, वर सपाट. सगळ्या बायका तिथे थांबायच्या. तिथून पुढे मला सांगावं लागलं नाही. पाचव्या दिवशी खिंडीत पोचलो. माझा गुडघा दोन दिवस सुजला, पण गुडघा माझा आहे.

येताना पऱ्यात उतरून आम्ही तुझे बाण तारेच्या ब्रशाने खरवडून काढले. शुभांगी रडत होती. मी रडले नाही, एक रडणारी पुरे होती. तुझा रंग मात्र कठीण, वसंता. दुकानातून चांगला माल बघून आणला होतास.

तेव्हा ही पुस्तिका ज्यांच्या हातात पडेल त्यांनी पऱ्यातून वर जाऊ नये, एवढं मी तुझ्या परवानगीशिवाय इथे लिहिते. तुझी चूक छापून येते आहे, तिच्या शेजारी माझीही. तुला एकट्याला पुढे करून मी मागे राहिले असं व्हायला नको.

रविवारी सहाला मी साकवापाशी असेन. साठ माणसं मागून येतील, त्यांच्या उशा आणि फवारे घेऊन. मी त्यांना आधीच सांगणार आहे की मला सगळी वाट येत नाही. जिथे अडेन तिथे थांबेन आणि अडले म्हणून सांगेन. पाच दिवसांत ते मला बऱ्यापैकी जमायला लागलं आहे. तुझ्यासमोर जमायला हवं होतं.